उगले सरांची मंडळी

उगले सरांची मंडळी म्हणजे त्यांची बायको नव्हे, हे आमच्या शाळेला फार उशिरा कळलं. आणि हेडसरांना तर सगळ्यांच्या शेवटी.

आम्ही जालन्याहून बदनापूरला सकाळच्या पॅसेंजरनं अपडाऊन करायचो. मी मराठीची बाई, उगले सर भूगोलाचे, आणि आमचे हेडसर. एके दिवशी उगले सर खिडकीशी बसलेले, डोळे लालभडक. हेडसरांनी विचारलं, "काय उगले, झोप झाली नाही वाटतं?"

"कुठली झोप साहेब. रातभर मंडळी बोलून राह्यल्ती. डोळ्याला डोळा लागू दिला न्हाई."

हेडसरांचा चेहरा एकदम मवाळ झाला. सरांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "अहो, घरोघरी मातीच्या चुली! आमच्याकडं तेच. एकदा माहेरचं सुरू झालं की कोंबडं आरवतं. आपण नुसतं हूं हूं म्हणत पडायचं."

"हूं म्हणलं की जास्ती बोलत्यात, साहेब."

"ते मात्र बराबर," हेडसर म्हणाले, आणि दोघंही सुस्कारा टाकून बाहेर बघायला लागले.

मी समोरच्या बाकावर तोंडाला पदर लावून बसले होते. सरांखेरीज त्या डब्यात खरी गोष्ट माहीत असलेली मी एकटी. जुनी माणसं बायकोला 'मंडळी' म्हणतात, त्या एका शब्दानं सरांना वर्षानुवर्षं झाकून ठेवलं होतं.

सरांची मंडळी त्यांच्या डोक्यात होती. बी.एड. करताना ती पहिल्यांदा आली. पाच-सात माणसं पारावर बसून गप्पा हाणताहेत आणि विषय एकच, दत्तात्रय उगले. "आता हा उठला. आता हा भांग पाडतो. याला काय येतं? याला हाकला." सर म्हणायचे, "माझ्याशी बोलत न्हाईत बाई, माझ्याबद्दल बोलत्यात. राग त्याचाच येतो. काय असंल ते तोंडावर बोला ना!"

मला हे कसं कळलं, त्याचीही गंमतच आहे. सरांचा हात थरथरायचा. स्टाफरूममध्ये चहा आला की त्यांची कपबशी खुळखुळ वाजायची. चेहरा जरा ताठ, चालताना हात अंगाला चिकटलेले. शिक्षक लोकांना दुसऱ्याच्या पाठीमागं बोलायला काय लागतं? "उगले घेतो" अशी कुजबुज सुरू झाली. मला ते पाठीमागचं बोलणं बिलकुल सहन होत नाही. मी सरळ जालन्याच्या फलाटावर गाठलं त्यांना.

"सर, खरं सांगा. तुम्ही घेता का?"

"घेतो ना," सर म्हणाले.

मी गारच पडले. "कधीपासून?"

"झाली की वर्षं."

"आणि शाळेत येतानासुद्धा?"

"सकाळी एक, राती दोन. जेवल्यावर. डॉक्टरनंच सांगितलंय."

माझ्या तोंडाकडं बघून त्यांना काय ते उमगलं. खिशातून पुडकं काढून त्यांनी माझ्यासमोर धरलं. बारक्या पांढऱ्या गोळ्या. मग असे हसले, असे हसले, की पुढं चाललेला हमाल थांबून बघायला लागला. "तुम्हाला काय वाटलं बाई, हातभट्टी?"

त्या दिवशी गाडीत त्यांनी मला सगळं सांगितलं, अगदी वर्गात शिकवावं तसं. औरंगाबादचे मानसोपचाराचे डॉक्टर होते, त्यांची ही गोळी. "लोकांना वाटतं ही झोपेची गोळी. झोपेची न्हाई. पहिलं गुंगी येते, पण काम तिचं वेगळंच. दोन-चार हप्ते लागत्यात तिला. मंग मंडळी खाली बसती."

"जात नाही?"

"काहींची जाते म्हणे. आपली सतरंजीवर बसती, कुजबुजत राहती. आपण आपलं काम करायचं. आणि गोळी सोडली की ती उठून उभी. लगेच न्हाई हां. पहिले काही दिवस तर लय झकास वाटतं. तिथंच माणूस फसतं." आता वाटतं, हे सगळं त्यांना किती नीट ठाऊक होतं!

तेव्हापासून त्यांच्या सगळ्या खोडींचा मला उलगडा झाला. भर हिवाळ्यात छत्री उघडून चालायचे, पोरं 'छत्रीवाले सर' म्हणायची. तर आधी त्यांना दुसरी एक गोळी होती, तिच्यानं उन्हात कातडी भाजायची. गोळी बदलली, छत्रीची सवय राहिली. फिरकीचा तांब्या कायम बगलेत, कारण तोंडाला कोरड. शर्टाचा खिसा मात्र गोळ्यांमुळं नव्हे, खडूंमुळं पांढरा. खडूचा तुकडा त्यांनी कधी फेकला नाही. "एवढ्यात अख्खा राजस्थान व्हतो," म्हणायचे.

सर राजूरजवळच्या खेड्यातले, शेतकऱ्याच्या घरचे. बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच. मी एकदा त्यांचं 'करून राह्यलो' दुरुस्त करायला गेले, तर म्हणाले, "बाई, तुमचं व्याकरण मुंबई-पुण्याच्या पावसात वाढलं. आमच्याकडं पाणी कमी, त्यामुळं शब्द जरा वाळत्यात."

आणि नकाशा! सर फळ्याकडं तोंडसुद्धा न करता, पोरांशी बोलत बोलत, मागं हात नेऊन भारत काढायचे. म्हणजे गोळ्या सुरू व्हायच्या आधी काढायचे, असं त्यांच्याबरोबर शिकलेले एक गुरुजी सांगत. मी पाहिला तो थरथरता हात. तरी दोन्ही हातांनी खडू धरून ते काढत. त्यांचा एक नेम होता, नदी नेहमी उगमापासून मुखाकडं काढायची. कोणी उलटी काढली की ओरडायचे, "पाणी उलटं व्हातं का रे कधी?"

जालना जिल्हा तेव्हा नुकताच औरंगाबादपासून वेगळा झालेला. शाळेतल्या छापील नकाशांत अजून तो नव्हताच. एका पोरानं विचारलं, "सर, आपला जिल्हा कुठाय?" सरांना ते फार लागलं. "छाप्यात न्हाई म्हणून काय आपण न्हाई?" मग प्रत्येक छापील नकाशावर शाईनं हद्द आखायचं त्यांनी मनावर घेतलं. पण शाईची रेघ खडूसारखी पुसता येत नाही. हात हलला की जालन्याचं अंबड औरंगाबादेत. दोन नकाशे वाया गेले, तेव्हा सरांनी दौत बंद करून कपाटात ठेवली.

त्यात हेडसरांनी फर्मान काढलं की प्रार्थनेच्या हॉलमधल्या भिंतीवर नव्या जिल्ह्याचा मोठा नकाशा रंगवायचा, आणि तो उगलेंनीच. सर टाळत राहिले. आज रंग नाही, उद्या कुंचला नाही. मला एकदा हळूच म्हणाले, "बाई, डोकं ठेवू का हात ठेवू, सांगा. दोन्ही मिळून राह्यलं न्हाई मला."

मी म्हटलं, "डोकं ठेवा. हातानं काय, पापड लाटायचेत?"

ते हसले नाहीत.

त्या वर्षी नवरात्रात सरांनी नऊ दिवसांचे उपास धरले. घरात आनंदीआनंद. त्यांच्या बायको, शांतावहिनी, साधी देवभोळी बाई. सरांना गोळी त्याच द्यायच्या, ताट उचललं की हातावर ठेवायच्या आणि तोंड उघडायला लावून बघायच्या, गिळली का. पण डॉक्टरांचा हुकूम होता, 'जेवल्यावर'. आता नवरात्रात जेवण कुठलं? भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळं. तो फराळ. फराळ म्हणजे काही जेवण नव्हे, हे आपल्याकडं शेंबडं पोरही सांगेल. तेव्हा जेवण नाही, तर गोळी नाही. वहिनींनी पुडकं देव्हाऱ्याशेजारी ठेवून दिलं.

सरांना काय ते कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. पण ते गप्प राहिले. दसऱ्याच्या सुमाराला त्यांच्या लक्षात आलं की कपबशी वाजत नाही.

मग काय विचारता! दसरा झाला तरी सरांचे उपास सुटेनात. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, मधे चतुर्थी, एकादशी, उरलेल्या वारांना एकेक नवस. सकाळी फराळ, रात्री दूध. हेडसर स्टाफरूममध्ये म्हणाले, "उगलेंचा आदर्श घ्या. कलियुगात अशी निष्ठा!" आणि तिकडं हॉलमध्ये भिंतीवर नकाशा उमटत होता.

तो नकाशा मी विसरणार नाही. खाली गोदावरीची निळी किनार, दुधना अशी अलगद वळत गेलेली, कुंडलिका, पूर्णा. रेघ कुठं म्हणून तुटलेली नाही. सर शिडीवर उभे, बाह्या सरसावलेल्या, तोंडानं शीळ. पोरं मधल्या सुट्टीत डबे घेऊन तिथंच खाली बसायची. मी त्या माणसाला इतकं सुखात कधीच पाहिलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं, देवीच पावली.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली. पहिल्याच आठवड्यात नववीतली एक मुलगी धापा टाकत माझ्या वर्गात आली. "बाई, सर कसंतरीच करून राह्यले. चला लवकर."

सर हॉलमध्ये भिंतीशी उकिडवे बसले होते. पुरा झालेल्या नकाशावर ते बारीक अक्षरांत गावांची नावं लिहीत होते. नकाशाच्या बाहेर, खाली, पार फरशीपर्यंत नावंच नावं. त्यातलं एकही गाव मी कधी ऐकलं नव्हतं. बाजूला एक नवी नदी सुरू केलेली, तीही मुखाकडून वर. मी हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं, पण मला पाहिलं असं वाटलं नाही.

"बाई, मंडळी सांगून राह्यली आणि मी लिहून राह्यलो. इतकी गावं राह्यली व्हती. न्हाई लिहिली तर ती सगळी माणसं पाण्याखाली जातील."

पोरं आधी खिदळली होती. आता ती दाराकडं सरकत होती.

जालन्याला निरोप गेला. शांतावहिनी मिळेल त्या गाडीनं आल्या. मला वाटलं रडतील, ओरडतील. त्या सरळ जाऊन सरांच्या शेजारी फरशीवर बसल्या. थोडा वेळ नावं वाचली. मग म्हणाल्या, "लय राह्यल्यात की अजून. उरलेली घरी लिहू. मी सांगते, तुम्ही लिवा. चला." आणि सर लहान लेकरासारखे त्यांच्यामागं निघाले.

औरंगाबादला जाताना वहिनींनी मला बरोबर घेतलं. "डॉक्टर काय बोलतो मला समजत न्हाई बाई, तुम्ही चला." डॉक्टर म्हातारे, तापट, चष्मा कपाळावर चढवून बोलणारे. गोळी चुकली कशी, हे त्यांनी आधी विचारलं. वहिनींनी सगळं सांगितलं. नवरात्र, भगर, फराळ. डॉक्टर ऐकतच राहिले.

"जेवल्यावर म्हणजे," ते शेवटी म्हणाले, "पोटात काहीतरी गेल्यावर. भगर खाल्ली तरी गोळी. रताळं खाल्लं तरी गोळी. आणि नुसतं पाणी प्यायलात ना, तरी गोळी!"

"पण गोळी उपासाला चालती का?" वहिनींनी विचारलं. "तिच्यात काय काय घालत असतील."

मला वाटलं आता डॉक्टर भडकणार. त्यांनी चष्मा खाली ओढला, विचार केला आणि म्हणाले, "गोळी बांधायला पीठ लागतं. बटाट्याचं समजा. बटाटा चालतो ना?"

"चालतो," वहिनी म्हणाल्या, आणि तो प्रश्न जन्माचा मिटला.

सरांना काही दिवस तिथंच ठेवून घेतलं. आधी गोळी जास्त, मग मंडळी बसायला लागली तशी हळूहळू कमी. आम्ही पुन्हा गेलो तेव्हा सर सर होते. वाळलेले, पण सर. तेव्हा डॉक्टरांनी त्यांनाच विचारलं, "उपासाचं बायकोला कळत नव्हतं. तुम्हाला कळत होतं. का गप्प बसलात?"

सरांनी दोन्ही हात पुढं केले. गोळी परत सुरू झालेली, हात परत थरथरत होते.

"मी नकाशे काढतो, साहेब."

"मग हे मला आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही दर वेळी विचारता, आवाज येतात का, झोप येते का. हाताचं कधी विचारलं?"

डॉक्टर म्हणाले, "नाही विचारलं. चुकलं माझं." खुर्ची पुढं ओढून त्यांनी सरांना नीट समजावलं. या औषधानं हात हलतो, अंग आखडतं, हे त्यांना माहीत होतं. त्यावर आणखी एक गोळी मिळते. मुख्य गोळीही कमी करता येते, जितकीनं मंडळी बसेल तितकीच, त्यापेक्षा जास्त नाही. "पण ते आपण दोघं मिळून करायचं, पायरी पायरीनं. तुम्ही एकट्यानं बंद केलंत की मला काही करता येत नाही."

"हात पहिल्यासारखा व्हईल?"

"पहिल्यासारखा नाही. बराच होईल."

पण खरा घोर त्यांना वेगळाच होता, तो त्यांनी दाराबाहेर आल्यावर मला सांगितला. संस्थेत बोलणं सुरू झालं होतं. उगल्यांना वर्गावर ठेवायचं नाही, लायब्ररी सांभाळू द्या, पगार तोच राहील. वरून दयाळूपणा. "बाई, फळा गेला तर मी बरा व्हऊन करू काय?" असं म्हणाले आणि तिथंच पायरीवर बसून रडले. मीही रडले. वहिनी तेवढ्या कोरड्या डोळ्यांनी उभ्या होत्या, म्हणाल्या, "उठा, गाडी चुकंल."

सर रजेवर होते तेव्हा स्टाफरूममध्ये काय काय ऐकलं, सांगत नाही. 'वेड्याच्या हाती खडू' वगैरे. मला अजून संताप येतो. शहाण्यांच्या हाती खडू होता, त्यांनी कोणते दिवे लावले होते? पण हेडसरांनी सगळ्यांना थक्क केलं. मंडळींचा खरा अर्थ त्यांना आता कळला होता. आपण गाडीत काय सल्ला दिला हे आठवून बिचारे फार शरमले असणार. ते संस्थेत म्हणाले, "डॉक्टर म्हणतो माणूस कामावर येऊ शकतो. मी स्वतः त्याच्या वर्गात बसतो. मला पटलं नाही तर लायब्ररी."

सर परत आले त्या दिवशी हेडसर नववीच्या वर्गात शेवटच्या बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन बसले. माझा वर्ग पलीकडचाच, मधे पत्र्याची भिंत. मी पोरांना निबंध लिहायला लावला आणि कान पत्र्याला लावला.

खडूचा आवाज आला, तुटक, करकर करणारा. एक पोरगं फिसकन हसलं. मागोमाग आणखी दोघं. खडू थांबला.

"हसा," सरांचा आवाज आला. "हात हलून राह्यला माझा, दिसतंय मला. तुम्ही दिवाळीनंतर हॉलमध्ये काय पाहिलं ते बी मला माहिताय. तर ऐका. माझ्या डोक्यात आवाज येत्यात. आजार आहे तो, जसा मलेरिया असतो. त्याच्यावर गोळी आहे. गोळीनं आवाज बसतो आणि हात हलतो. मी गोळी सोडली म्हणून हात थांबला आणि आवाज उठला. आता गोळी परत सुरू आहे. ती मी सोडणार न्हाई. कळलं?"

पलीकडं बाकं सावरल्याचा आवाज झाला.

"कळलं असंल तर फळ्याकडं बघा. हा पश्चिम किनारा आहे. कोकणचा. हा सरळ हाताच्या माणसाला कधी जमत न्हाई, तो गुळगुळीत काढतो. हा असाच आहे, दातेरी, खाडी-खाडीला आत गेलेला. याला माझाच हात पायजेल. हाय का कोणी याच्याहून चांगला काढणारा?"

वर्ग असा खदखदून हसला की पत्रा थरथरला. त्या गोंगाटात सर ओरडले, "शेवटच्या बाकावरचे! तुम्ही जास्ती हसून राह्यले. उभं राहा. वरून खाली बंदरं सांगा!" शेवटच्या बाकावर हेडसर होते. ते खरोखर उभे राहिले आणि त्यांना दोन बंदरांपुढं गाडी रेटता आली नाही. वर्ग डोक्यावर घेतला पोरांनी. हेडसर बाहेर आले तेव्हा रुमालानं डोळे पुसत होते. मला दारात पाहून म्हणाले, "काय कान लावता हो बाई? वर्गात जा. त्यांचा तास चालू राहू द्या." त्यानंतर लायब्ररीचा विषय कोणी काढला नाही.

हॉलमधल्या भिंतीला पुढं चुना दिला. सरांनीच सांगितलं द्यायला.

नंतरची वर्षं मी आठवते ती हसत हसतच. दर आषाढी-कार्तिकीला वहिनी पुडकं घेऊन उभ्या, "घ्या, बटाट्याची आहे." सर वर्षाच्या पहिल्या तासाला नव्या पोरांना गोळीचं सांगून टाकायचे, हजेरी घ्यावी तितक्या सहज. मंडळी कधीमधी कुरकुरायची, सर दोन दिवस गप्प व्हायचे, डॉक्टरांकडं जाऊन यायचे. पुढं निवृत्तीच्या सुमाराला नव्या गोळ्या आल्या. हात जवळजवळ थांबला, पण भूक वाढली, पोट सुटलं, मग साखर निघाली. सर म्हणायचे, "बाई, सरकार बदललं तरी टॅक्स आहेच. पहिलं हातावर व्हता, आता पोटावर." वहिनींनी त्यांची जिलबी बंद केली, तर माझ्या डब्यातल्या गुळपोळीवर डोळा ठेवायचे.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते बदनापूरच्या फलाटावर. पुढच्या उन्हाळ्यात ते झोपेतच गेले. त्या दिवशी शाळेच्या कार्यक्रमाला आम्हा जुन्या शिक्षकांना बोलावलं होतं, तो संपवून आम्ही दोघं दुपारच्या गाडीची वाट बघत बाकावर बसलो होतो. एक बाई पाया पडायला आली, आमची जुनी विद्यार्थिनी. बरोबर तिचा भाऊ, विशीतला. तो फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता येरझारा घालत होता. बस म्हटलं की टेकायचा आणि लगेच उठायचा.

तिनं दबक्या आवाजात सांगितलं. महिन्यापूर्वी त्याला भास व्हायला लागले, डॉक्टरनं गोळ्या दिल्या. "पण गोळ्यांनी अजूनच बिघडला सर, बघा ना. क्षणभर एका जागी ठरत न्हाई. बाबा म्हणले, आज डॉक्टरला शेवटचं भेटा, उद्यापासून पुडकं उकिरड्यावर."

सर छत्रीचा आधार घेऊन उठले आणि त्या पोराच्या वाटेत जाऊन उभे राहिले. "डोकं जरा शांत झालंय, पण पाय थांबत न्हाईत. असंच ना?"

पोरगा जागीच थबकला. "तुम्हाला कसं माहीत?"

"ते तू करत न्हाईस रे. ती गोळी करती. त्याच्यावर इलाज आहे. आज गेल्यावर पहिली गोष्ट पायांची सांग, मंग बाकीचं. तू सांगितल्याबिगर डॉक्टरला कसं कळणार?"

"मला बसवत न्हाई," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

"मंग बस म्हणतो कोण? चल." आणि सर त्याच्याबरोबर चालायला लागले.

आमची गाडी आली. त्या दोघा भावंडांची औरंगाबादची गाडी अजून यायची होती. मी डब्याच्या दारातून ओरडले, "अहो सर, चला ना, सुटेल!" सरांनी दुरूनच हात केला. "तुम्ही निघा बाई. याची गाडी येईस्तोवर आमचं चालणं चालू आहे."

गाडी हलली. मी खिडकीतून मान काढून बघत राहिले. सर घामाघूम झाले होते, ते पोट, ते जड पाय. पण फलाट संपला आणि पोरगा वळला, तसे तेही वळले आणि त्याच्या पावलाला पाऊल देत परत निघाले.